गुरुजींची नवी शाळा

शिकविणाऱ्यानें जन्मभर शिकत राहावें, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. प्रश्न एवढाच कीं, हें शिकणें खरोखर घडतें कीं दाखल्यापुरतेंच उरतें?

केंद्र सरकारनें २१ ऑगस्ट २०१९ रोजीं शिक्षकांसाठीं ‘निष्ठा’ हा प्रशिक्षणक्रम सुरू केला. प्राथमिक स्तरावरील सुमारें ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापक यांच्यापर्यंत तो पोंचवावयाचा होता. आरंभीं वर्ग समक्ष भरत. पुढें महामारीमुळें ऑक्टोबर २०२० पासून १८ घटकांचा हा क्रम ‘दीक्षा’ या ऑनलाइन व्यवस्थेवर आला. त्याच वर्षींच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाकांठीं निदान ५० तासांच्या अशा शिक्षणाची अपेक्षा केली. मात्र तें ज्याच्या त्याच्या आवडीनुसार व्हावें, असेंहि सांगितलें.

या व्यवस्थेचे लाभ उघड आहेत. करमाळ्याच्या आडगांवच्या शिक्षकास सोलापूरची वारी करावी लागत नाहीं. तान्हें मूल असलेल्या शिक्षिकेस घर सोडावें लागत नाहीं. न समजलेला भाग पुनः ऐकतां येतो. पण आपल्या राज्यांत १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी व २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी यांना प्रशिक्षण आवश्यक असतें. पगाराशीं गांठ पडली कीं प्रमाणपत्र हेंच साध्य होऊन बसतें. मग रात्रीं मोबाइल फडताळावर टेकवून व्याख्यान चालू राहतें, समोर भाजी निवडली जाते आणि प्रश्नावलीचीं उत्तरें घरांतील शाळकरी मुलगा दाबून टाकतो. पी हळद अन् हो गोरी!

अशी व्यवस्था अद्ययावत् करणें म्हणजे पडद्याचा रंग व लॉगिनची रीत बदलणें नव्हे. सोलापुरांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू घरांतून मुलें येतात. अक्कलकोटाकडे कित्येकांची मायबोली कन्नड. लहान गांवीं एकच शिक्षक दोन-दोन इयत्ता सांभाळतो. या अडचणी वर कळविण्याची वाट हवी, आणि पुढच्या आवृत्तींत त्यांचें उत्तर दिसावयास हवें. केंद्राच्या शिक्षण परिषदेंत त्यांची चर्चा होऊन वेळापूरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनें त्या संकलित केल्या, तर किती बरें होईल!

सुधारणा खालून वर जाऊं शकते, याचें उदाहरण याच जिल्ह्यांतलें आहे. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकाला क्यूआर संकेत जोडून छापील पानामागें ध्वनी, चित्रें व प्रश्न ठेविले. पुढें राज्याच्या पुस्तकांतहि असे संकेत आले. डिसेंबर २०२० मध्यें त्यांना दहा लक्ष डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें. त्यांतील अर्धा भाग त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून दिला. ही युक्ति कोणत्याहि सक्तीच्या घटकांत नव्हती. ती वर्गाच्या गरजेंतून निघाली.

आतां वाचकांच्या घरांविषयीं. आपल्या एकत्र कुटुंबांतून कोणाची सून, कोणाची लेक शिक्षिका असते. तिच्या प्रशिक्षणाचे तास हे तिच्या नोकरीचेच तास होत. त्या वेळीं चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी, सासूबाईंनीं नातवंडांस जवळ घ्यावें, आणि मुलानें तिच्या वतीनें एकहि कळ दाबूं नये. आईची परीक्षा आपण देतों, हें ज्या मुलास कळलें, तो उद्यां आपल्या परीक्षेस कोणत्या भावनेनें बसेल, याचा विचार वडिलधाऱ्यांनीं अवश्य करावा.