ग्रिलआधी वीज पाहा

नाशिकमध्ये गच्चीवर पेलेट ग्रिल घ्यायचं असेल, तर दुकानात पहिला प्रश्न विजेचा विचारा. लाकडी भुशाच्या दाबलेल्या गोळ्या मळसूत्राने आगीत सरकतात, पंखा वारा घालतो, दोन्ही विजेवर. पेटवताना काही मिनिटं साधारण तीनशे वॅट, पुढे पन्नासच्या आसपास, म्हणजे वीज गेली तरी घरचा इन्व्हर्टर निभावतो. अमेरिकेतल्या भावाने आणलेलं १२० व्होल्टचं ग्रिल मात्र आपल्या २३० व्होल्टला थेट जोडू नका, जळेल! पावसाळ्यात गोळ्या हवाबंद डब्यात ठेवा. ओल लागली की फुगून पुन्हा भुसा होतो, मळसूत्र अडकतं. बॉयलरच्या स्वस्त गोळ्या स्वयंपाकाला नकोतच. एप्रिलच्या खरडछाटणीतल्या द्राक्षकाड्या इथे मुबलक, पण फवारणी झालेलं लाकूड मी अन्नाखाली जाळणार नाही.