विश्लेषण : हरणांपासून पीक राखायला मचाण चालते, मग त्यावरून शिकार का नाही?

तूर शेंगांवर आली, हरभऱ्याला घाटे लागले की जिंतूर तालुक्यातील चारठाणा परिसरात शेतकऱ्यांची जागल सुरू होते. हरीण, रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी बांधावर मचाण उभे राहते. शिकारी हरणासाठी बांधतो तेही मचाणच. मग राखण कुठे संपते आणि गुन्हा कुठे सुरू होतो?

‘हरीण’ म्हणजे नेमका कोणता प्राणी?

मराठवाड्यात शेतकरी ज्याला हरीण म्हणतो, तो बहुतेक वेळा काळवीट असतो. चितळ-सांबराची शिंगे गळून पुन्हा उगवतात. काळविटाची शिंगे कायम राहतात. शास्त्रीयदृष्ट्या तो कुरंग गटातला. त्याला दाट जंगल नको, मोकळे माळरान हवे. माळराने नांगरली गेली, गायराने आक्रसली आणि कळप पिकात आले. रोही म्हणजे नीलगाय हासुद्धा कुरंगच.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीस बंदी आहे. शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फास लावणे, सापळा रचणे, विष घालणे, आमिष दाखवणे आणि त्यासाठीचा प्रयत्नही शिकारीतच मोडतो. काळवीट अनुसूची १ मध्ये आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो. १९९८ मधील काळवीट शिकार प्रकरणात अभिनेता सलमान खानला जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती, ती याच कायद्याखाली.

पीक खाल्ले तरी सूट नाही?

इथे प्राण्यागणिक फरक पडतो. अनुसूची १ मधील प्राणी मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तीही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. पीक खाणे हे त्यासाठी कारण ठरत नाही. रोही आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचे नुकसान होत असल्यास कलम ११ खाली त्यांच्याबाबत लेखी परवानगी मिळू शकते; राज्य शासनाने २०१५ मध्ये त्याची कार्यपद्धतीही ठरवली. मात्र कागद हातात नसताना मारणे हा गुन्हाच. रोही समजून अंधारात गोळी झाडली आणि काळवीट पडले, तर ती परवानगीही उपयोगाची नाही.

राखणीचे मचाण कुठे बांधावे?

शिकाऱ्याचे मचाण लपण्यासाठी असते, राखणदाराचे दिसण्यासाठी. शिकारी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसतो, म्हणजे त्याचा वास जनावराला लागत नाही. राखणदाराने उलट करावे. जनावरे ज्या बाजूने शेतात शिरतात, तिथले माग पाहून वारा आपल्याकडून त्या बाजूला जाईल अशी जागा धरावी. मचाणावरून सगळा बांध दिसायला हवा. विजेच्या तारांखाली किंवा वाळलेल्या झाडावर ते बांधू नये. दोर आणि लाकडे दर हंगामात तपासावीत. रात्री झोपेत खाली पडण्याचा धोका मोठा असतो.

वेळही महत्त्वाची आहे. रानडुक्कर रात्री येते. काळवीट नजरेवर विसंबणारा, मुख्यतः दिवसा चरणारा प्राणी आहे. पहाटे आणि सायंकाळी तो जास्त दिसतो. म्हणून रात्रभर जागून पहाटे घरी परतणारा शेतकरी काळविटाला रान मोकळे करून देतो.

तारेत वीज सोडली तर?

हा सर्वांत घातक मार्ग. सौर कुंपण क्षणभराचा झटका देते, त्याने जीव जात नाही. थेट वाहिनीतून सोडलेली वीज जनावराबरोबर शेजारच्या शेतकऱ्याचा, कधी घरातल्याच माणसाचा जीव घेते. त्यात मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

मग शेतकऱ्याने करायचे काय?

नुकसान दिसताच छायाचित्रे काढून, फार दिवस जाऊ न देता वन विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. एकट्याच्या जागलीने कळप शेजारच्या शेतात जातो, एवढेच. गावाने मिळून राखणीच्या पाळ्या लावल्या आणि सामूहिक सौर कुंपण घातले तर उपयोग अधिक.

तरीही मूळ प्रश्न उरतो. काळवीट वाचवणे ही साऱ्या देशाची जबाबदारी मानली, तर त्याच्या चाऱ्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा? भरपाई वेळेत आणि पुरेशी मिळाली तरच मचाणावरच्या माणसाला कायदा आपला वाटेल.