जुन्याला हसा आणि नवे विकत घ्या!

नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचे, त्याची कडू चव जिभेला लावायची आणि मग फराळाच्या ताटावर बसायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. तेव्हा लाडू-चकल्यांच्या या अंकात एखादा कडू लेख निघाला तर वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. आमचे यंदाचे कारीट अमेरिकेतले आहे. एका खेळाची नवी आवृत्ती खपवण्यासाठी त्या खेळाच्या मालकांनी जुन्या गिऱ्हाइकांची जी टिंगल केली, ते हे कारीट!

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा पुतणी असेल तर हे नाव कानांवरून गेले असेल, कारण पुण्या-मुंबईकडेही आता हा खेळ खेळणारी मंडळी आहेत. ज्यांना ते अगदीच परके आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे भाग आहे. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक गोष्ट सांगणारा; त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सांगणारा म्हणतो, “गुहेच्या तोंडाशी राक्षस घोरत पडला आहे. बोला, काय करता?” चोर म्हणतो, “मी चवड्यांवर चालत त्याच्या उशाशी जातो आणि किल्ली काढून घेतो.” हे त्याला साधले की नाही ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. राक्षस जागा झाला तर गोष्ट एका वाटेने जाते, न झाला तर दुसऱ्या. या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. तीच माणसे आठवड्यामागून आठवडे जमतात आणि एकच गोष्ट कधी कधी वर्षानुवर्षे चालते. त्या मुदतीत कोणाची लग्ने होतात, कोणाला मुले होतात, पण चोर आपला त्याच किल्लीच्या पाठीमागे असतो!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन खेळवेड्या गृहस्थांनी हा खेळ रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून तो बाहेर पडला. तीन बारक्या पुस्तिका, एक खोके, दहा डॉलर किंमत आणि पहिली छपाई हजार प्रतींची. एवढ्या भांडवलावर ही सारी सृष्टी उभी राहिली.

आता साऱ्या भांडणाचे मूळ कोठे आहे ते नीट पाहावे. कंपनी जे विकते ते नियमांचे पुस्तक. गोष्ट त्या पुस्तकात नसते. ती गिऱ्हाइकाने आपल्या घरी, आपल्या मित्रांबरोबर, आपल्या पदरची बुद्धी खर्चून रचायची असते. साबण संपला की वेष्टन फेकून देतात; या पुस्तकाच्या समासात मात्र माणसाने आपल्या दहा वर्षांच्या खुणा केलेल्या असतात. म्हणून येथे गिऱ्हाईक हा निम्मा कर्ता आहे. त्याच्या जुन्या पुस्तकाला हसणे म्हणजे त्याने त्या पुस्तकावर जे उभारले त्याला हसणे. ही साधी गोष्ट विक्रीखात्यातल्या शहाण्यांच्या डोक्यात शिरली नाही.

मूळ कंपनी डबघाईला आल्यावर १९९७ मध्ये हा खेळ ‘विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने घेतला आणि १९९९ मध्ये त्या कंपनीलाच ‘हॅस्ब्रो’ या खेळण्यांच्या बड्या कारखानदाराने घेतले. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली. तीनच वर्षांनी, २००३ मध्ये, तिचीच सुधारलेली साडेतिसरी आवृत्ती आली. (साडेतीन हा आकडा आपल्याकडे मुहूर्तांना आणि शहाण्यांना लावतात, तेथे तो पुस्तकांना लागला.) लोकांनी थोडी कुरकुर केली आणि तीही पुस्तके घेतली. फडताळे भरली.

मग २००७ चा ऑगस्ट उजाडला. कंपनीच्या वेबसाइटवर आधी काही दिवस उलटी गणती चालली होती. इंडियानापोलिस येथे ‘जेन कॉन’ नावाची या खेळियांची मोठी जत्रा भरते, तेथे चौथ्या आवृत्तीची घोषणा झाली. घोषणेबरोबर एक चित्रफीत दाखवण्यात आली. तीत जुन्या आवृत्त्यांची एकामागून एक फिरकी घेतली होती. तिसऱ्या आवृत्तीत झोंबाझोंबीचे, म्हणजे शत्रूच्या कमरेला मिठी मारून त्याला धरून ठेवण्याचे, नियम फार किचकट आहेत, त्यांची यथेच्छ टवाळी होती. पुढे आणखी एक हालते व्यंगचित्र आले. नोम नावाचा एक बुटका आहे. १९७८ च्या पुस्तकापासून खेळाडूंना हे पात्र घेता येत असे. नव्या आवृत्तीच्या पहिल्या पुस्तकातून त्याला वगळले, त्याची रवानगी राक्षसांच्या पुस्तकात केली आणि एका शिंगवाल्या जातीला त्याच्या पाटावर बसवले. व्यंगचित्रातला बिचारा नोम आता आपण राक्षस झालो म्हणून डरकाळी फोडून दाखवतो. हसा, मंडळी, हसा!

यावर कंपनीचे कैवारी म्हणतात की या लोकांना विनोद कळत नाही. विनोद कळत नाही? झोंबाझोंबीच्या नियमांवर या लोकांनी स्वतः जितके विनोद केले असतील तितके जगात कोणी केले नसतील! घरातल्या आजोबांच्या घोरण्याची नक्कल नातवंडे करतात आणि आजोबाही हसतात. पण घर विकत घ्यायला आलेला दलाल ओसरीवर उभा राहून तीच नक्कल करू लागला, तर त्याला चहा पाजायचा की जोडा दाखवायचा? आणि येथे तर नक्कल करणारा दलालही नव्हता. ते नियम त्याच कंपनीने लिहिले होते, त्याच कंपनीने ते २००० मध्ये विकले आणि २००३ मध्ये पुन्हा विकले. “काल आमच्याकडून नेलेले पेढे आंबट होते हो, तुम्ही कसे खाल्लेत? आता हे ताजे घ्या,” असे म्हणणाऱ्या हलवायाच्या दुकानाची पायरी आपण पुन्हा चढू काय?

याच्यावर ताण म्हणजे त्या दोन पुस्तकांची. २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी, नवी आवृत्ती यायच्या आधी, तिच्यात काय काय असेल हे सांगणारी दोन पुस्तके कंपनीने काढली. एकात जाती आणि पेशे, दुसऱ्यात जगे आणि राक्षस. प्रत्येकी सुमारे वीस डॉलर. त्यांच्यावरून खेळ खेळता येत नव्हता; खेळ यायचाच होता. नाटक कंपनीने हस्तपत्रिका गावात फुकट वाटावी ही जगाची रीत. येथे हस्तपत्रिकेलाच तिकीट! आणि गंमत अशी की लोकांनी ती घेतली. ज्यांच्यावर बदलाला भितात असा आळ घेतला जातो, त्यांनीच उत्सुकतेपोटी जाहिरात पैसे मोजून वाचली. असे गिऱ्हाईक व्यापाऱ्याला सात जन्मांत मिळायचे नाही.

दिवाळी अंक घेणाऱ्या वाचकाला खरी कळ लागेल ती पुढच्या गोष्टीची. या खेळाची दोन मासिके होती. ‘ड्रॅगन’ १९७६ पासून निघत होते, ‘डंजन’ १९८६ पासून. वाचक त्यांत लिहीत, वाचकच एकमेकांना उत्तरे देत. कित्येकांचे पहिले छापलेले अक्षर त्यांत आले. २००२ पासून ती ‘पैझो’ नावाची एक लहान कंपनी परवान्यावर चालवत होती, आणि चांगली चालवत होती. २००७ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले की परवाना पुढे चालणार नाही. सप्टेंबरमध्ये ‘ड्रॅगन’चा ३५९ वा आणि ‘डंजन’चा १५० वा अंक निघाला आणि छापील मासिके संपली. नावे राहिली, ती इंटरनेटवरच्या वर्गणीच्या गाठोड्यात बांधली गेली. ज्या घरात एकतीस वर्षे अंक येत होता तेथे तो यायचा थांबणार हे ठरले, आणि ऑगस्टमध्ये त्या घराला सांगण्यात आले की तुमचे जुने सारे हास्यास्पद होते. आधी मासिक काढून घ्यायचे आणि मग टपली मारायची, हा क्रम ज्याला सुचला त्याच्या अकलेला नमस्कार असो.

त्या वर्गणीच्या गाठोड्यात आणखी एक आश्वासन होते. दूरदूरच्या गावी पांगलेल्या मित्रांना संगणकावर एका टेबलाशी बसवणार होते; जत्रेत त्याचे प्रात्यक्षिकही झाले. २००८ च्या जूनमध्ये पुस्तके आली, टेबल आले नाही. फार उशिरा चाचणीपुरते आले आणि २०१२ मध्ये गुंडाळले गेले. गायगॅक्स हे पाहायला राहिले नाहीत. नव्या पुस्तकांच्या तीन महिने आधी, ४ मार्च २००८ रोजी, लेक जिनीव्हालाच त्यांनी डोळे मिटले.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. चौथी आवृत्ती वाईट नव्हती. तीत प्रत्येक पात्राला आपल्या पाळीत काही तरी करण्याजोगे असे, मांत्रिक तेवढा पराक्रमी आणि योद्धा नुसता काठी फिरवणारा असे होत नसे, आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या डोक्यावरचे तयारीचे ओझे कमी झाले होते. तिच्यावर प्रेम करणारे लोक आजही आहेत. म्हणून तर राग येतो! चांगल्या मुलीचे स्थळ घेऊन निघालेल्या मध्यस्थाने वरपक्षाच्या अंगणात पाय ठेवताच त्यांच्या थोरल्या सुनेची निंदा सुरू करावी, तसे झाले. मुलगी कोणी धड पाहिलीच नाही. आणि त्या नोमचे काय झाले म्हणाल, तर पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, निघालेल्या दुसऱ्या पुस्तकात तो खेळाडूंच्या पंक्तीला सन्मानाने परत आला. ते पुस्तक अर्थातच वेगळे विकत घ्यायचे होते.

परिणाम काय झाला? २००० साली कंपनीने एक शहाणपणाचे काम केले होते. नियमांचा गाभा तिने सर्वांसाठी खुला केला होता. कोणीही त्यावर आपली पुस्तके छापावीत. नव्या आवृत्तीच्या वेळी तिने त्या जागी जाचक अटींचा परवाना आणला. तो घेणाऱ्या प्रकाशकाने ज्या मालेसाठी तो वापरला तिचे जुने रूप सोडून द्यायचे, अशीही एक अट त्यात होती. ती पुढे सैल करावी लागली, पण दूध उतू गेले होते. मासिके गमावलेल्या त्याच ‘पैझो’ने जुन्या खुल्या परवान्याच्या आधाराने साडेतिसरीचे नियम घासूनपुसून २००९ च्या ऑगस्टमध्ये ‘पाथफाइंडर’ या नावाने बाजारात आणले, आणि काही काळ तर दुकानांतल्या विक्रीत मूळ खेळाला मागे टाकले. व्यापारात असे चालायचेच, म्हणणाऱ्यांनी हा व्यापाराचा हिशेबही मांडून पाहावा.

कंपनी काही शिकली नाही असे म्हणता येत नाही. २०१२ च्या जानेवारीत तिने पुढच्या आवृत्तीची वार्ता दिली ती वेगळ्या आवाजात. नियमांचे कच्चे खर्डे लोकांपुढे ठेवले, लाखाच्या वर लोकांनी ते खेळून पाहिले, मते कळवली. आणि २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली ती तुफान चालली. जुन्याची टवाळी न करता नवे खपते, हे स्वतःच्याच वहीत लिहून झाले होते.

पण वही मिटून ठेवायला किती वेळ लागतो! २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुढच्या नियमांची घोषणा झाली तेव्हा ‘आवृत्ती’ हा शब्दच विटाळासारखा टाळला गेला. आता आवृत्त्या नाहीत, खेळ एकच, असे सांगण्यात आले. जुन्याला हसण्याऐवजी आता जुने नाहीच असे म्हणायचे! २०२३ च्या जानेवारीत नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला आणि कळले की २००० चा तो खुला परवानाच रद्दबातल ठरवण्याचा बेत आहे. मग मात्र लोक खवळले. सुधारलेल्या मसुद्यावर कंपनीने मते मागवली, तर पंधरा हजारांवर माणसांनी ती दिली, आणि जुना परवाना मोडण्याविषयी त्यांतले ८९ टक्के नाराज निघाले. २७ जानेवारीला कंपनीने हात टेकले आणि नियमांचा गाभा पुन्हा मागे घेता येणार नाही अशा रीतीने खुला करून टाकला. ‘हे तर जुने कुरकुरे, दहा-वीस म्हातारे’ म्हणणाऱ्यांनी तो आकडा मोजावा.

२०२४ मध्ये पुन्हा तोच प्रकार, लहान अंगाने. खेळाला पन्नास वर्षे झाली, नवे पुस्तक सप्टेंबरात यायचे होते. ऑगस्टमध्ये जाहीर झाले की कंपनीच्या संगणकी वहीत ज्यांनी आपली पात्रे जपून ठेवली आहेत त्यांच्या जुन्या मंत्रांच्या जागी नवे मंत्र आपोआप येतील. चालू गोष्टीच्या मध्येच, पैसे भरून घेतलेल्या पुस्तकातले मंत्र बदलणार! आरडाओरडा झाला आणि काही दिवसांतच बेत मागे घेतला गेला. आणि ते संगणकावरचे टेबल? त्याचेही आश्वासन २०२२ मध्ये नव्याने दिले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ते लोकांना खुले झाले आणि मार्चमध्ये ते बनवणाऱ्यांतल्या बहुतेकांना घरी पाठवण्यात आले.

झोंबाझोंबीच्या नियमांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे जत्रेतल्या त्या चित्रफितीनंतर पाच वर्षांनी, त्याच कंपनीने साडेतिसरी आवृत्तीची तिन्ही मुख्य पुस्तके नव्या देखण्या मुखपृष्ठांत घालून पुन्हा छापली आणि विकायला काढली. झोंबाझोंबीचे नियम त्यांत होतेच.