मालगाडीवर राग, रस्त्यावर ट्रेलर

पिंपरी-चिंचवडची लोकल उशिरा आली की हल्ली एकच गुन्हेगार सापडतो, तो म्हणजे मालगाडी. स्वतःला शहरनियोजनाचे जाणकार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी नुकतीच ही फिर्याद जाहीरपणे मांडली आणि तिला दादही भरपूर मिळाली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शहर वाढलं, रेल्वेमार्ग मात्र दोनच राहिले, त्यांवर लोकल आणि एक्स्प्रेसच्या मधे मालगाड्या घुसतात, तेव्हा या गाड्या तळेगावहून चाकणमार्गे उरुळीकडे वळवाव्यात, चिंचवडचा मालधक्का उठवावा, ती जागा बसस्थानकाला किंवा उद्यानाला द्यावी. धूर-धुळीचा कारखानदारीचा जमाना संपला, आता शहर हिंजवडीच्या आयटीच्या वाटेने जाणार आहे, मग त्याच्या पोटातून मालगाडी कशाला?

ऐकायला हे गोड आहे. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि त्याची किंमत या पट्ट्यात पोटासाठी राबणाऱ्या माणसांनाच मोजावी लागणार आहे.

आधी लोकलच्या उशिराचं पाहू. रेल्वेच्या प्राधान्यक्रमात मालगाडी तळाशी असते. मागून एक्स्प्रेस येत असली की मालगाडी लूप लाईनवर घेतली जाते आणि ब्रेकव्हॅनमधला गार्ड, ज्याला २०२२पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, सिग्नलची वाट पाहत बसतो. लोकलदेखील एक्स्प्रेससाठी अशीच थांबवली जाते. दुपारी वेळापत्रकात लोकलची जी मोठी पोकळी आहे, ती देखभालीच्या ब्लॉकमुळे. उद्या एकही मालगाडी धावली नाही तरी रूळ तपासावे लागणारच, ओव्हरहेड तारा दुरुस्त कराव्या लागणारच. मालगाड्यांमुळे मार्गावर ताण येत नाही, असं कोणी म्हणणार नाही. पण पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली आणि तिच्यासाठी तिसऱ्या-चौथ्या मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली ती २०२५मध्ये. मधल्या काळात २००१ला दहा लाखांच्या घरात असलेली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १७ लाख २७ हजारांवर गेली. राग काढायचाच तर या दिरंगाईवर काढा.

भूगोलही नीट पाहिलेला नाही. पुणे ते लोणावळा अंतर ६४ किलोमीटर. वळणमार्ग तळेगावला फुटणार, म्हणजे लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव या निम्म्या वाटेवर मालगाड्या आहेत तशाच राहणार. खरी अडचण त्याच्याही आधी, कर्जत-लोणावळा घाटात आहे. तिथे सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. जड गाडी वर आणायला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात आणि खाली उतरताना वेग बांधून ठेवावा लागतो. किती गाड्या जाणार हे तो घाट ठरवतो, पिंपरीचं स्टेशन नव्हे. शिवाय उरुळीला निघणारा मार्ग दौंड-सोलापूरच्या मालाच्या कामाचा. सातारा-मिरजेकडे जाणाऱ्या गाड्यांना पुण्यातूनच जावं लागणार.

आवाजाचा मुद्दा असेल, तर तो एक्स्प्रेसचाही होतो. फाटकांचा असेल, तर पिंपरी, चिंचवड, कासारवाडीला रुळांवरून पूल केव्हाच गेले आहेत.

या मताच्या मुळाशी एक समजूत आहे आणि माझं खरं भांडण तिच्याशी आहे. नको असलेली गोष्ट शहराबाहेर नेली की ती बाहेरच राहते, ही ती समजूत. ती किती खोटी आहे याचा पुरावा आपल्या दारात पडलेला आहे. मुंबई-बंगळूर वाहतूक पुण्यात शिरू नये म्हणून देहूरोड-कात्रज बाह्यवळण झालं, तेव्हा आजूबाजूला शेतं आणि माळ होते. आज त्याच रस्त्याला लागून रावेत आहे, ताथवडे आहे, वाकड, बालेवाडी, बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे आहे. बाह्यवळण शहराच्या मधोमध आलं. सकाळी मुलांना शाळेत सोडणारी स्कूटर आणि परराज्यातून आलेला अठरा चाकी ट्रेलर एकाच उतारावर येऊ लागले. याच रस्त्यावरच्या नवले पुलाजवळ अपघातांत किती माणसं मेली, हे पुण्यात कोणाला सांगावं लागत नाही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये स्फोट घडवून पाडावा लागला, कारण बाहेरच्या रस्त्यासाठी बांधलेला तो पूल शहराच्या रहदारीला पुरेना. आणि आता या बाह्यवळणालाही बाहेरून वळसा घालणारा रिंगरोड आखला जातो आहे. त्याच्या कडेला उद्या काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

रेल्वेतही हेच झालं आहे. मुंबईतल्या गर्दीच्या मार्गांवरून मालगाड्या जाऊ नयेत म्हणून दिवा-वसई मार्ग झाला आणि ऐंशीच्या दशकापासून तो त्या कामी येतो आहे. तेव्हा ती वाट खाडी आणि भातखाचरांमधली. आज त्याच वाटेवर भिवंडी आहे, तिची गोदामं आहेत, खारबाव आणि कामण रोडला नोकरदारांची गर्दी आहे, आणि तिथला प्रवासी गाड्या वाढवा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करतो आहे. त्याला उत्तर मिळतं की मार्ग मालगाड्यांनी भरलेला आहे. जिथे फक्त माल जाणार असं गृहीत धरलं होतं तिथे माणसं राहायला आली, आणि त्यांच्यासाठी फलाट, पूल, लोकल यांची जागा आधी राखून ठेवलीच नव्हती. उद्या चाकणपलीकडच्या शेलपिंपळगावात किंवा त्याच्या पुढे राहायला जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला आपण हेच ठेवणार असू, तर शहराचा त्रास कमी झाला असं कोणत्या तोंडाने म्हणणार? तो दुसऱ्या तालुक्यात नेऊन टाकला, इतकंच.

चाकणला असं गृहीत धरण्याची सवय जुनीच आहे. चाकण-राजगुरुनगरला विमानतळ होणार म्हणून वर्षानुवर्षं चर्चा झाली, शेतकऱ्यांनी विरोध केला, विमानतळ पुरंदरला गेला. पुणे-नाशिक रेल्वे चाकणवरून जाणार म्हणून आशा लावली. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा येतो हे पुढे आलं आणि तो मार्ग अहिल्यानगरच्या बाजूला वळवायची भाषा सुरू झाली. दुर्बिणीचा प्रश्न खरा आहे, तिला धक्का लागता कामा नये. पण दर वेळी गणित बदललं की वगळला जातो तो चाकण. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे कारखाने जिथे उभे आहेत, त्या गावाला अजून रेल्वे स्टेशन नाही. इथे तयार झालेली गाडी रेल्वेने जायची तर तिला आधी रस्त्याने मालधक्क्यापर्यंत आणावं लागतं.

म्हणूनच चिंचवडचा मालधक्का उठवा म्हणणाऱ्यांनी एकदा तिथलं काम पाहायला हवं. प्रवासी सेवेतून निवृत्त झालेले डबे खिडक्या बंद करून मोटारींसाठी वापरले जातात, त्यांना एनएमजी म्हणतात. रेकच्या टोकाला रॅम्प लावतात, डब्यांची टोकं उघडून मधे लोखंडी पट्ट्या टाकतात आणि ड्रायव्हर नवी कोरी मोटार त्या अंधाऱ्या बोगद्यातून डब्यामागून डबे ओलांडत पार पुढच्या डब्यापर्यंत नेतो. दोन्ही बाजूंना हातभरसुद्धा जागा नसते. मग चाकांखाली ठोकळे लागतात, पट्टे आवळले जातात, आणि ड्रायव्हर पुढची मोटार आणायला परत पळतो. हा धक्का उठला तर या मोटारी कारखान्यातच राहणार आहेत का? त्या आठ-दहाच्या गटाने ट्रेलरवर चढून महामार्गावर येतील. कंटेनरचंही तेच. ४५ वाघिणींच्या एका रेकवर वीस फुटी ९० पेट्या मावतात, चाळीस फुटी असल्या तर ४५. म्हणजे न्हावा-शेवा बंदराला जाणारी एक गाडी रुळांवरून उतरवली की निदान ४५ ट्रेलर द्रुतगती मार्गाच्या घाटात. चाकणच्या तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात संध्याकाळची पाळी सुटताना जो उभा राहिला आहे, त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. कामगारांच्या दुचाकी, कंपनीच्या बसगाड्या, बाजार समितीत निघालेला कांद्याचा टेम्पो, आणि या सगळ्यांना अडवून वळण घेणारा कंटेनर. रुग्णवाहिकेला तिथे वाट मिळत नाही. आणि या चौकांत आणखी ट्रेलर सोडण्याला हे लोक शहराची प्रगती म्हणतात! याचा मला मनापासून संताप येतो.

कारखानदारीचा जमाना संपला, हे तर बोलूच नये. १८५८ साली खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली तेव्हा पिंपरी आणि चिंचवड ही पवनेकाठची गावं होती. पेनिसिलिनचा कारखाना १९५४चा, नगरपालिका १९७०ची, महापालिका १९८२ची. रूळ आधी आले, कारखाने आणि शहर मागून.

मग करायचं काय? तळेगाव-उरुळी मार्गाला माझा विरोध नाही. तो व्हावा, पण शहरातून काहीतरी घालवण्यासाठी नव्हे, चाकणला रेल्वे देण्यासाठी व्हावा. त्यावर चाकणला मोटारी आणि कंटेनर चढवण्याचा पुरेसा मोठा मालधक्का पहिल्या दिवसापासून हवा, पाळीच्या वेळांना धरून कामगारांसाठी गाड्या हव्यात. लोणावळ्यापर्यंतचा तिसरा-चौथा मार्ग त्याच्या आधी किंवा निदान बरोबर पुरा व्हावा, कारण लोकलची सुटका त्यात आहे. चाकणचा धक्का चालू होऊन माल खरोखर तिकडे वळेपर्यंत चिंचवडच्या धक्क्याला हात लावू नये. आणि मावळ, खेड, शिरूर, हवेलीतल्या शेतकऱ्यांकडे भूसंपादनाची नोटीस जाण्याआधी अधिकाऱ्यांनी नकाशा घेऊन गावात बसावं. याच पट्ट्यात एमआयडीसीचे टप्पे, रिंगरोड आणि महामार्गाचं रुंदीकरण यांसाठी जमिनी मागितल्या गेल्या आहेत, आणि एकाच घराच्या सातबाऱ्यावर तीन-तीन प्रकल्पांची रेघ येऊ शकते. ज्या गटांतून रूळ जाणार तिथे प्लॉटिंगला परवानगी मिळण्याआधी, पुढे लागणाऱ्या जादा मार्गांची आणि फलाटांची जागा विकास आराखड्यात आजच राखून ठेवली पाहिजे.