गोळी हक्काची, डबा नफ्याचा

सेनगाव-कळमनुरीची शेतमजूर स्त्री पोटाला चिमटा घेऊन जीवनसत्त्वांचा महागडा डबा विकत घेते. विज्ञान काय सांगते? गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर दिवस गेल्याचेही पुष्कळदा कळत नाही. म्हणून मूल हवे असे ठरताच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची साधी, स्वस्त गोळी हवी. २०१८च्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ धोरणातही ते नमूद आहे. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोहाची गोळीही त्यात आहे. मात्र स्त्री सरकारच्या नजरेस पडते ती गर्भारपणाची नोंद झाल्यावर. तोपर्यंत मोलाचे दिवस सरलेले असतात. ही पोकळी बाजार भरतो. कार्यकर्त्यांनी प्रत्येक उपकेंद्रात विचारावे: नोंदणीपूर्वीची गोळी कोठे आहे?