दुःखाच्या हाताला काम द्या



मिरग लागला की आमच्या देवबागेत हात रिकामे होतात. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे ही वाळूची चिंचोळी पट्टी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पर्यटकांच्या होड्या वर ओढलेल्या असतात. अशा वेळी पुरुष फाटकी जाळी घेऊन बसतात, बायका माडाच्या चुडतांची झापे विणतात, हीर काढून केरसुण्या बांधतात. बाहेरच्या माणसाला ही फावल्या वेळची कामे वाटतील. पण ज्या घरातले कुणी त्या वर्षी गेले आहे, त्या घरातल्या बाईकडे झाप विणताना पाहावे. दिवसभर जी कुणाशी धड बोलत नाही, तिचा चेहरा तेवढा वेळ सैल झालेला दिसतो. दुःख गेलेले नसते. पण त्याला हाताशी काम मिळालेले असते.

आजचा विषय हाच आहे. स्वतःच्या हाताने, गळ्याने किंवा लेखणीने काहीतरी घडवणे ही मनाची साधना होऊ शकते काय? त्याने मनाची जखम भरते काय? आणि कष्टकरी कुटुंबाला हे परवडते काय? कारण कलेचे नाव काढले की आपल्या घरांत एक उत्तर ठरलेले असते: "ते मोठ्या लोकांचे चोचले. आपण पोटाचे बघावे." हे उत्तर बरोबर नाही, आणि तसे म्हणायला पुरावा लांबून आणावा लागत नाही. तो आपल्या कोकणातच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील फणसवळे गावच्या लेखिका ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेली सुपे, रोवळ्या, टोपल्या. देशावर हे काम बुरूड समाजाचे, पण कोकणात ते पूर्वाश्रमीच्या महार समाजाकडे होते. ऊर्मिलाताई तिसरीत असताना त्यांचे शिक्षक वडील वारले. आईने आयदाने विणून मुलांना वाढवले, शिकवले. माल विकायला गेले की तो लांब ठेवावा लागे, घेणारी बाई त्यावर पाणी शिंपडून मग तो घरात नेई आणि पैसे वरून टाकी. एवढे सोसून ती माऊली पुन्हा घरी येऊन कांबी हातात घेत असे. पुढे लेक लिहू लागली, सरकारी नोकरी आणि संसार सांभाळून लिहीत राहिली. आपल्या तरुण मुलाच्या मृत्यूबद्दलही तिने लिहिले. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, ती वेदनेची आहे, असे ऊर्मिलाताईंनी स्वतःच सांगितले आहे. ज्या वस्तूवर पाणी शिंपडले गेले तिचेच नाव त्यांनी पुस्तकाला दिले. अपमान पुसता येत नाही. पण त्यातून स्वतःची अशी एक गोष्ट उभी करता येते, आणि ती उभी करणारा माणूस पूर्वीचा राहत नाही.

आता इथे कुणी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे: "ज्या जातिधंद्यातून बाबासाहेबांनी आम्हाला बाहेर काढले त्याचेच गोडवे गाता काय?" प्रश्न रास्त आहे. वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. ठरवून दिलेले, नाकारता न येणारे आणि वर तुच्छतेचे मोल मिळणारे काम माणसाला खच्ची करते. त्यातून मुक्त होणे योग्यच होते. म्हणूनच फरक नीट ओळखला पाहिजे. गुलामी बांबूत नव्हती किंवा वाद्यात नव्हती. ती सक्तीत होती. तेच हात आपल्या इच्छेने, आपल्या वेळी, आपल्या माणसांसाठी काही घडवतात तेव्हा तो जातीचा धंदा राहत नाही.

हा फरक अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईने जाणला होता. थेरीगाथा हा बुद्धकाळातील भिक्खुणींच्या काव्यांचा संग्रह. त्यात ७३ थेरींच्या रचना आहेत. त्यांतली एक सुमंगलमाता. अट्ठकथेनुसार ती गरिबाघरची, आणि नवरा वेत-बोरूचे काम करणारा. आपल्या गाथेत ती मुसळ, नवरा, त्याच्या छत्र्या आणि स्वयंपाकाचे मडके या सगळ्यांची नावे घेते आणि त्यांतून सुटल्याचा आनंद सांगते. तिने कष्टाला देव्हाऱ्यात बसवले नाही. पण ज्या मुसळाने हात सोलले त्याच मुसळाचे तिने काव्य केले. राबणाऱ्या बाईचे आयुष्य काव्याचा विषय होऊ शकते हे या संग्रहाने किती आधी दाखवून दिले! त्याच संग्रहात पटाचारा आहे. नवरा, दोन मुले, आईवडील आणि भाऊ एकापाठोपाठ गमावून ती वेडीपिशी झाली होती. पुढे ती इतर दुःखी स्त्रियांना धीर देणारी थेरी झाली.

मग घडवण्याच्या कामात असे काय आहे, ज्याने मन सावरते? तथागतांनी सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे कसे लक्ष द्यावे हे सांगताना उपमा दिली ती कातारी कारागिराची. कुशल कातारी किंवा त्याचा शिकाऊ मुलगा लांब फेरा घेताना लांब फेरा घेतो आहे हे जाणतो, आखूड घेताना आखूड घेतो आहे हे जाणतो. साधकाने श्वास असाच जाणावा. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी आपल्या जिल्ह्यात कुणाला माहीत नाहीत? सांध्यावर लाकूड फिरत असताना कारागिराचे मन कालच्या भांडणात किंवा उद्याच्या हप्त्यात भटकले तर हत्यार घसरते. जाळ्याची गाठ, झापाची वीण, गोधडीचा टाका, ढोलकीची थाप या सर्वांचे तसेच आहे. हात मनाला पुन्हा पुन्हा या क्षणात आणून सोडतात. डोळे मिटून बसणे ज्याला जमत नाही त्यालाही हे जमते.

दुसरे असे की, मनातली गोष्ट बाहेर येते. आत घुमणारे दुःख आकार नसलेले असते, म्हणून ते सगळीकडे भरून राहते. ते शब्दांत किंवा सुरात आले की त्याला काठ मिळतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सहकारी सँड्रा बील यांच्यासह १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे आयुष्यातील आघाताबद्दल लिहायला सांगितले. ज्यांनी घटनाही लिहिली आणि तिच्याबद्दलच्या भावनाही लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर लगेच अधिक उदास वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा माफक असल्याचे आणि प्रत्येकाला तो होतोच असे नसल्याचे दिसले. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन आरोग्य राखण्यात आणि आजाराशी सामना करण्यात कलेचा उपयोग होतो असा निष्कर्ष काढला. म्हणजे चमत्कार नाही, पण आधार नक्की आहे.

ज्यांना वेळ नाही, जागा नाही, घरातून साथ नाही, त्यांनी फलटणच्या बेबीताई कांबळे आठवाव्यात. १९२९ चा जन्म, शिक्षण बेताचे, लहानसे किराणा दुकान. मालाच्या पुड्या बांधायला येणारी रद्दी त्या वाचून काढीत. वाचता वाचता लिहू लागल्या, पण नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या भीतीने वह्या लपवून ठेवीत. असे लपवणे एक-दोन नव्हे, वीस वर्षे चालले. अखेर 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले आणि पुढे इंग्रजीतही गेले. छापले जाईल, कुणी शाबासकी देईल, अशी कसलीही खात्री नसताना त्या लिहीत होत्या. फळाची हमी नसताना नेमाने करत राहणे, यालाच साधना म्हणतात.

आणि अक्षरओळखच नसेल तर? लोककवी वामनदादा कर्डक यांना अक्षरे प्रौढपणी मुंबईत आली. गिरणी-मजुरीचे दिवस आणि संसारातले घाव सोसत त्यांनी १९४३ साली पहिले गीत रचले. २००४ साली त्यांचे निधन झाले तोवर त्यांची गीते गावोगावच्या वस्त्यांत पोचली होती. यातून एक गोष्ट शिकावी. स्वतःच्या घावातून निघालेले गाणे स्वतःपाशीच थांबले तर रडगाणे होण्याची भीती असते. ते चार माणसांत गेले, दुसऱ्याच्या ओठावर बसले, की दोघेही एकटे राहत नाहीत. खुद्द बाबासाहेबांनी एवढ्या मोठ्या कार्याच्या धबडग्यात व्हायोलिनचे धडे घेतले होते, हे आपण मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे. करमणुकीला वेळ नसलेल्या त्या महामानवालाही सुरांसाठी वेळ काढावासा वाटला.

आता प्रत्यक्षात काय करावे? आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहारात आणि घरोघरी ग्रंथवाचन होते. कोकणात हेच पावसाचे, घरात बसायचे महिने. याच काळात रोज अर्धा तास घरातील प्रत्येकाने काहीतरी घडवावे. आजीने गोधडी शिवावी आणि शिवता शिवता जुन्या गोष्टी सांगाव्यात. नातवाने त्या वहीत उतरवाव्यात. मुंबईतल्या चाकरमान्याने खोलीवर परतल्यावर गावाकडे फोन करून 'पैसे पोचले काय' एवढेच न विचारता एक पानभर पत्र लिहावे. ज्याला गळा आहे त्याने गावे, ज्याला नाही त्याने टाळी धरावी. रडू आले तर येऊ द्यावे. तिथे पुरुषाने लाजू नये. आपल्या घरांतला पुरुष दुःख बाटलीत बुडवतो, कारण ते ठेवायला त्याला दुसरी जागा कुणी दाखवलेली नसते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. एक, स्पर्धा नको, नंबर नको, हसणे तर मुळीच नको. मुलाने काढलेला घोडा गाढवासारखा दिसला म्हणून घर हसले, की तो मुलगा पुन्हा खडू धरत नाही. दुसरे, अति नको. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेत होता. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांवरूनच समजावले, की तार फार ताणली तरी सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरी लागत नाही. आपला अर्धा तासही तसाच असावा. त्याचा धाक नसावा आणि तो चुकवूही नये.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. झोप उडाली आहे, अन्न जात नाही, जगण्यात अर्थ नाही असे कुणी बोलते आहे, तर त्याला 'गाणी गा, चित्र काढ' म्हणून वाटेला लावू नका. मन आजारी पडते तसे त्याचे औषधही असते. मालवणला किंवा ओरोसला डॉक्टरकडे न्यावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा. औषध आणि ढोलकी यांचे एकमेकांशी वैर नाही.

आणि गावातल्या अन्यायाचे, थकलेल्या मजुरीचे, खचत्या किनाऱ्याचे काय? ते प्रश्न गाण्याने सुटत नाहीत. त्यांसाठी संघटना आणि संघर्षच लागतो. पण संघर्ष माणसे करतात, आणि आतून मोडलेले माणूस फार काळ उभे राहू शकत नाही. रोजचा तो अर्धा तास त्या माणसाला सावरून धरण्यासाठी आहे.

तेव्हा महिला मंडळांनी यंदाच्या वर्षावासात एवढे करून पाहावे. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात प्रत्येकीने हातातले काम घेऊन बसावे. जिला बोलायचे आहे तिने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. सल्ला देण्याची घाई करू नये. आश्विन पौर्णिमेला जे काही झाले असेल, चार ओळी, एक गोधडी, दोन टोपल्या, ते सर्वांसमोर मांडावे. त्यावर किंमत लावू नये. करणारीचे नाव मात्र ठळक लिहावे.