पाणी येण्याआधी

दोस्तांनो, या पानावर दरवेळी कविता असते. यावेळी नाय. पावसाळा तोंडावर आलाय, आपली निम्मी वस्ती नाल्याच्या काठावर. कविता कुठं पळून जात नाय.

मी गोदीत हमाली करतो. गोदीतला माणूस घड्याळ नंतर बघतो, आधी भरती बघतो. जहाज आत-बाहेर होणार ते पाण्याच्या वेळेवर. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, मधल्या दिवसांचा भांग, सगळं वर्षाआधी छापून तयार असतं. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला आणि परत मध्यरात्रीला. पोरगंसोरगं सांगेल. तेव्हा साहेबलोक जेव्हा म्हणतात, 'अचानक पूर आला', तेव्हा मला हसू येतं. पाऊस अचानक येईल बाबा, भरती कधी अचानक आलीय?

शहराची पावसाळी गटारं सुटतात खाडीत आणि समुद्रात. बहुतेकांची तोंडं भरतीच्या पातळीखाली. भरती चढली की तोंड बंद, पाणी मागं फिरतं. आणि मागं कोण ऱ्हातं? आपण. जुनी गटारं बांधली ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं, तेही ओहोटी असेल तर. १९८५च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ला ब्रिमस्टोवॅडचा अहवाल आला, ताशी ५०ची सोय करा म्हणाला. बारा वर्षांनी २६ जुलै २००५ उजाडला तेव्हा बहुतेक काम कागदावरच होतं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, कुलाब्यात पाऊणशेसुद्धा नाय. त्यात दुपारी साडेचार मीटरच्या आसपासची भरती.

मी तेव्हा पाच वर्षांचा. आईनं मला पोटमाळ्यावर फेकलं, अक्षरशः फेकलं. वरून मी आमची पत्र्याची पेटी तरंगताना बघितली. पेटीत रेशनकार्ड, आज्याचा दाखला, लाइटबिलं. माणसं वाचली, कागद गेले. पुढं एका कचेरीत बापाला विचारलं, 'इथं राहत होतास याला पुरावा काय?' बाप म्हणाला, 'नाल्याला विचारा.' हाकलून दिला.

मग दोष कुणाला? झोपड्यांना. मिठीला विमानतळापाशी काटकोनात वळवली कुणी? खाडीची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं कुणी? आमच्या पत्र्यांनी? गावात आपल्याला गावकुसाबाहेर ओढ्याकडं बसवलं, शहरात नाल्याकडं. पाण्याला जात नसते म्हणणाऱ्यांनी २००४च्या त्सुनामीनंतरचा तामिळनाडू आठवावा. तिथं दलितांना छावणीत वेगळं काढलं, मदतीच्या रांगेतून हाकललं. आणि तुंबलेल्या गटारात उतरतो तोही आपलाच. २०१३चा कायदा काय म्हणतो ते त्याच्या बायकोला जाऊन सांगा.

गेल्या पावसाळ्यात आपल्या पोरांनी काय केलं ते लिहितो. संडासाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं दोन पट्टे मारले, पिवळा आणि तांबडा. भरतीच्या वेळा चुन्यानं नाक्यावर लिहिल्या. जोराच्या पावसात भरतीच्या आधी दोन तास दोघं पोरं नाल्यावर. पिवळ्याला पाणी लागलं की थाळ्या वाजवायच्या. मोबाइलचा भरवसा नाय, लाइट गेली की तो मेला. मग म्हातारी माणसं, पोटुशा बाया, लंगडा शिवणवाला, यांना आधी विहारात. ही यादी बायांनी केली. आपल्या पोरांना वस्तीत आजारी कोण हेच माहीत नव्हतं, लाज वाटली. तांबड्याला मीटरपेटीचा मेन बंद. झाकण उडालेल्या गटाराशी बांबू आणि लाल फडकं, बाजूला एक जण उभा. कागद प्लास्टिकच्या डबल पिशवीत, गळ्यात. दोर आणि ट्रकच्या दोन ट्यूबा विहारात.

सोपं वाटतंय ना? भांडणं झाली. तात्या म्हणाले, 'पोरांनो, टॅक्स घेतात ते झोपा काढतात आन् तुम्ही नाला राखता? उद्या म्हणतील, हे करतायत की, आपल्याला काय!' तात्यांचं चूक नाय. पण तात्या, पाणी मोर्च्याची वाट बघत नाय. म्हणून वही ठेवली. कुठल्या तारखेला, किती वाजता, पाणी कुठल्या पट्ट्याला, गाळ काढायला माणूस आला की नाय. ही वही टेबलावर आपटली तेव्हा तो साहेब पहिल्यांदा खुर्चीतून उठला. गाळ निम्माच निघाला, पण निघाला.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. घर खाली करा म्हणतात तेव्हा माणसं हलत नाहीत, आणि त्यांना अडाणी म्हणतात. अडाणी नाहीत. पावसात घर सोडलं आणि परत येऊन बघितलं तर पाडलेलं, हे आपल्या लोकांनी भोगलंय. त्यासाठी मे महिन्यातच प्रत्येक दाराचा नंबरासकट फोटो काढायचा, खाली करा म्हणणाऱ्याकडनं लेखी मागायचं, आणि पंधरा जणांची तुकडी वरच्या रस्त्यावर पहाऱ्याला ठेवायची. जीव आधी जाऊ द्या वर, घराची राखण आम्ही करू, हे छातीवर हात ठेवून सांगता आलं तरच म्हातारी दार सोडेल.

पट्टे पुसट झालेत. येत्या रविवारी सकाळी नऊला संडासाच्या भिंतीशी या. पेंट आहे, ब्रश दोनच आहेत. पोहता येणाऱ्यांनी नावं द्यायची, आणि येत नसेल तर खोटं बोलायचं नाय.